पोप कोण होणार? आणि बिशप कोण होणार?

रोममध्ये पोप निवडायचा असला की साऱ्या जगाला भविष्य सांगायची हौस येते. २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस वयाच्या ८८ व्या वर्षी वारले. त्यांचा दफनविधी व्हायचा होता, तोवरच वर्तमानपत्रांतून पुढच्या पोपच्या याद्या झळकू लागल्या. इटलीचे पिएत्रो पॅरोलिन, फिलिपाईन्सचे लुईस अँटोनियो टॅगले, घानाचे पीटर टर्कसन, काँगोचे अंबोंगो, हंगेरीचे एर्डो. लोकांनी त्यावर पैसेसुद्धा लावले. आपल्याकडे मटक्याला नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की पोपच्या निवडणुकीवरचा सट्टा फार जुना आहे. इतका जुना, की १५९१ साली चौदाव्या ग्रेगरी पोपला फर्मान काढून तो बंद करावा लागला. सट्टा लावणाऱ्याला धर्माबाहेर काढण्याची शिक्षा सांगितली. सट्टा काही थांबला नाही.

रोममध्ये एक म्हण आहे. निवडणुकीच्या खोलीत जो पोप म्हणून शिरतो, तो कार्डिनल म्हणूनच बाहेर येतो. ती नेहमीच खरी ठरते असे नाही. १९३९ साली पाचेल्ली आणि २००५ साली रात्झिंगर यांची नावे आधीपासून चर्चेत होती आणि तेच निवडून आले. पण १९७८ साली पोलंडचे व्हॉयतिला निवडले गेले तेव्हा भले भले चाट पडले. त्याआधी ४५५ वर्षे इटलीबाहेरचा माणूस त्या गादीवर बसला नव्हता.

वाचक बंधू-भगिनींनो, हे सारे आपण कशासाठी वाचायचे, असे तुम्ही विचाराल. पोप हा जगातल्या सुमारे १४० कोटी कॅथलिकांचा सर्वोच्च धर्मगुरू. आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. नगर जिल्ह्यात, श्रीरामपूर-संगमनेरकडे जाऊन पाहा. एकाच भावकीतले एक घर बौद्ध आणि एक घर ख्रिस्ती अशी उदाहरणे गावोगाव सापडतील. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तिथे जाणाऱ्या बायाबापड्यांत आपल्याच माहेरच्या, सासरच्या माणसांची नावे निघतात. त्यांच्या आज्याने एक वाट धरली, आपल्या बापाने दुसरी. वाट धरायचे कारण मात्र एकच होते.

म्हणूनच २०२५ च्या त्या दिवसांत माझे लक्ष टॅगले किंवा पॅरोलिन यांच्यापेक्षा एका वेगळ्याच नावाकडे होते. अँथनी पूला. हैदराबादचे आर्चबिशप. आंध्रातल्या कर्नूल जिल्ह्यात १९६१ साली जन्म. घरची इतकी गरिबी की सातवीनंतर शाळा सुटली. मिशनऱ्यांनी हात दिला तेव्हा पुढचे शिक्षण झाले. १९९२ साली ते धर्मगुरू झाले, २००८ साली कर्नूलचे बिशप आणि २७ ऑगस्ट २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कार्डिनल केले. भारतातले पहिले कार्डिनल मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशियस, ते १९५३ साली झाले. म्हणजे पहिल्या कार्डिनलपासून पहिल्या दलित कार्डिनलपर्यंत यायला ६९ वर्षे लागली.

त्या निवडणुकीत भारताची चार मते होती. गोव्याचे फिलिप नेरी फेराव, केरळचे बेसिलिओस क्लीमिस, व्हॅटिकनमध्येच काम करणारे जॉर्ज जेकब कूवक्काड आणि चौथे पूला. मुंबईचे ऑस्वल्ड ग्रेशियस यांचे नाव एके काळी पोपपदाच्या चर्चेतही घेतले गेले होते. पण २४ डिसेंबर २०२४ रोजी त्यांना ८० वर्षे पूर्ण झाली आणि मत गेले. फ्रान्सिस वारले ते त्यानंतर चारच महिन्यांनी. ८० वर्षांवरच्या कार्डिनलने मत द्यायचे नाही हा नियम सहाव्या पॉल पोपने १९७० साली केला. आपल्या राजकीय पुढाऱ्यांनी हा नियम वाचला तर त्यांना झोप लागणार नाही!

पूला पोप होतील असे खुद्द रोमच्या पत्रकारांना वाटत नव्हते, त्यांच्या याद्यांत ते नाव ठळक नव्हते. पण आशा ही यादी पाहून बांधली जात नाही. आमच्या कचेरीत एक ख्रिस्ती सहकारी आहेत, मूळचे श्रीरामपूर तालुक्यातले. डबा खाताना ते मला म्हणाले, "साहेब, होणार नाहीत हे मलाही कळतं. पण आपला माणूस त्या खोलीत बसून मत टाकतोय, हे काय थोडं आहे?" मी त्यांना काही बोललो नाही. मतपेटीपर्यंत पोहोचणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

त्या खोलीतला कारभार मात्र माझ्यासारख्या कारकुनाला आवडेल असा आहे. सिस्टिन चॅपेलमध्ये दार बंद करून मतदान होते. प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच नाव लिहायचे, तेही अक्षर ओळखू येणार नाही असे. तिघे मोजणीदार चिठ्ठ्या मोजतात. चिठ्ठ्यांची संख्या मतदारांच्या संख्येशी जुळली नाही तर त्या न उघडताच जाळून टाकायच्या आणि पुन्हा मतदान घ्यायचे. जुळल्या तर तिसरा मोजणीदार एकेक नाव मोठ्याने वाचतो आणि चिठ्ठी सुईने दोऱ्यात ओवतो. मग आणखी तिघे जण त्या मोजणीची तपासणी करतात. एवढी चोख पद्धत किती पतपेढ्यांच्या निवडणुकीत असते? मग चिठ्ठ्या शेगडीत जातात. काळा धूर म्हणजे निर्णय नाही, पांढरा धूर म्हणजे पोप मिळाला. रंग नीट यावा म्हणून आता रसायने घालतात, कारण पूर्वी ओले गवत घालून केलेला धूर करडाच निघायचा आणि चौकातली गर्दी गोंधळून जायची.

दार बंद करण्याची ही रीतही अशीच पडलेली नाही. १२६८ साली इटलीतल्या व्हितेर्बो गावात कार्डिनल जमले ते जवळपास तीन वर्षे भांडतच बसले. गावकऱ्यांनी कंटाळून त्यांना कोंडले, जेवण कमी केले, आणि शेवटी छपरही काढले असे सांगतात. तेव्हा कुठे १२७१ साली दहावे ग्रेगरी निवडून आले आणि त्यांनी १२७४ साली कोंडून मतदान घेण्याचा नियमच करून टाकला.

एक गोष्ट आमच्या भगिनींनी ध्यानात घ्यावी. मतदार कार्डिनल त्या दिवसांत राहतात, जेवतात, त्यांची व्यवस्था पाहणाऱ्यांत सिस्टर असतात. त्यांनाही गुप्ततेची शपथ घ्यावी लागते. मत मात्र एकाही बाईला नाही. फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२५ मध्ये सिस्टर सिमोना ब्रांबिला यांना व्हॅटिकनच्या एका मोठ्या खात्याचे प्रमुख केले, अशा पदावर आलेली ती पहिली स्त्री. त्याच वर्षी मे महिन्यात निवडणूक झाली तेव्हा त्या दाराबाहेरच होत्या.

७ मे रोजी दार बंद झाले. १३३ मतदार, सुमारे ७० देशांतले, त्यातले १०८ खुद्द फ्रान्सिस यांनी नेमलेले. दोन तृतीयांश म्हणजे ८९ मते हवी होती. ८ मे रोजी चौथ्या फेरीत पांढरा धूर निघाला. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते आणि सारे टी.व्ही. संच सीमेवरच्या लढाईच्या बातम्यांनी भरले होते, त्यामुळे पोपची बातमी कोपऱ्यात गेली. निवडून आले रॉबर्ट प्रीव्होस्ट. अमेरिकेतल्या शिकागोचे. सट्टेबाजांच्या यादीत हे नाव फार खाली होते. अमेरिकेचा माणूस पोप होणार नाही, असे जाणकार वर्षानुवर्षे सांगत आले होते.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मला विशेष वाटली. निवडीनंतर लगेच जुनी कागदपत्रे बाहेर आली. त्यांच्या आईचे आईवडील न्यू ऑर्लिन्सचे. तिथल्या जुन्या जनगणनेत त्यांच्या नावापुढे 'काळे' अशी नोंद आहे. पुढे हे कुटुंब शिकागोला गेले, आणि तिथल्या नोंदीत तेच लोक 'गोरे' झाले! पोपच्या भावाने सांगितले की आमच्या घरात ती ओळख कधी सांगितली गेली नाही. गाव सोडायचे, शहरात यायचे, आडनाव बदलायचे, पोरांना काही सांगायचे नाही. हे आपल्या चाळीतून आणि सोसायट्यांतून किती जणांनी केले आहे! अमेरिकेतही माणसांना तेच करावे लागले होते.

त्यांनी चौदावे लिओ हे नाव घेतले. तेरावे लिओ म्हणजे १८९१ साली कामगारांच्या मजुरीवर आणि संघटनेच्या हक्कावर पत्रक काढणारे पोप. यंत्रांच्या नव्या युगात कामगाराचे काय होणार हा प्रश्न मनात ठेवूनच हे नाव घेतल्याचे नव्या पोपनी कार्डिनलांना सांगितले. गिरण्यांचे भोंगे बंद झालेले पाहिलेल्या माणसांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

पण आमच्या ख्रिस्ती भावकीचा प्रश्न नावाचा नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना दिल्या. १९५६ साली शिखांचा समावेश झाला, आणि लढून लढून १९९० साली आपला, बौद्धांचा झाला. ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. सरकार म्हणते, तुमच्या धर्मात जात नाही. आणि तिकडे तिरुचिरापल्लीच्या एका जुन्या दफनभूमीत मेलेल्यांमध्येही भिंत घातलेली! ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटत नाही हे बाबासाहेबांनी फार पूर्वी लिहून ठेवले आहे. २००३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तामिळनाडूच्या बिशपांना जातिभेदाबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावले. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या बिशपांनी दलितांविषयी धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद चालतो हे कबूल केले. धोरण कागदावर आले. पण भारतीय कॅथलिकांत दलितांचा वाटा एवढा मोठा असताना बिशपांच्या खुर्च्यांवर ते किती दिसतात, हे बोटांवर मोजता येते. हैदराबादला मरामपुडी जोजी हे पहिले दलित आर्चबिशप झाले ते २००० साली.

म्हणून मी सहकाऱ्याला म्हटले, पोप कोण होतो यापेक्षा बिशप कोण होतो ते बघा. जगातल्या बहुतेक बिशपांची नेमणूक पोप करतो, आणि त्यासाठी नावे तपासणारे जे खाते रोममध्ये आहे, त्याचे प्रमुख २०२३ पासून प्रीव्होस्टच होते. बिशप कसा निवडला जातो, कोणाची शिफारस वर जाते आणि कोणाची खालीच अडते, हे त्यांना ठाऊक असणार. सहकारी हसले. म्हणाले, "मग पुढच्या वेळचं काय?"

पुढच्या वेळचा हिशेब मी त्यांना निवृत्तीच्या तारखा काढतात तसा काढून दिला. फेराव यांचे मत जानेवारी २०३३ पर्यंत. क्लीमिस यांचे जून २०३९ पर्यंत. कूवक्काड सर्वांत तरुण, ते २०५३ सालापर्यंत मत देऊ शकतील. पूला यांचे मत १५ नोव्हेंबर २०४१ पर्यंत आहे. त्यांनी तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला.