अनुभवाची एकवाक्यता : भीमा-घोड खोऱ्यातील साधनापरंपरांच्या संदर्भात एक विचार

‘सर्व मार्ग अखेर एकाच ठिकाणी पोहोचतात’ हे विधान आपल्या व्याख्यानमालांत आणि वक्तृत्व स्पर्धांत इतक्या वेळा केले जाते की, त्याला पुरावा कोणता हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ग्रंथातील वचने शेजारी-शेजारी मांडणे हा पुरावा होऊ शकत नाही. कारण त्याच ग्रंथांतून परस्परविरोधी वचनेही तितक्याच सहजतेने काढता येतात. साधकांनी स्वतः दिलेला पुरावा निराळा आहे. त्यांचे म्हणणे असे की, हे ऐकीव नव्हे, प्रत्यक्ष आहे. वेदान्ताच्या परिभाषेत यास अपरोक्षानुभूती म्हणतात. सूफी याच अर्थाने ‘मारिफत’ हा शब्द योजतात. प्रस्तुत लेखात शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या परिसरातील, तसेच नदीपलीकडील श्रीगोंदा भागातील काही साधकांच्या आधारे या दाव्याचा विचार करावयाचा आहे. सूफी परंपरेचे मूळ भारताबाहेरचे असले तरी दख्खनमध्ये ती जी रुजली ती येथील साधनामार्गांच्या सहवासात, म्हणून तिचा समावेश येथे केला आहे.

या विषयाची तात्त्विक मांडणी मराठी मुलखात प्रथम नेटाने केली ती गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांनी. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील साक्षात्कारवादावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंतच्या संतांना जगातील इतर साक्षात्कारी पुरुषांच्या पंक्तीस बसविले. ईश्वराचे साक्षात, अव्यवहित आणि अंतःस्फूर्त ज्ञान ही त्यांची साक्षात्काराची कल्पना होती, आणि देशकालभेद असूनही अनुभवांत आढळणारी सार्वत्रिकता ही त्या अनुभवाच्या सत्यतेची महत्त्वाची कसोटी होती. मात्र रानडे तेथे थांबले नाहीत. अनुभव खरा असेल तर साधकाच्या बुद्धीत, भावनेत आणि विशेषतः आचरणात त्याची खूण उमटली पाहिजे, असाही त्यांचा आग्रह होता. रानड्यांच्या अनुयायांनी पहिल्या कसोटीचा जेवढा गौरव केला तेवढा दुसरीचा केला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शेख महंमद : संग्रामाची परिभाषा

दौंडहून भीमा ओलांडून उत्तरेस गेले की श्रीगोंदा लागते. हा तालुका आज अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात मोडतो. पण घोड आणि भीमा यांच्या काठाने शिरूर, दौंड आणि श्रीगोंदा ही गावे बाजाराने, सोयरिकीने आणि यात्रा-उरुसांनी एकमेकांशी जोडलेली आहेत. सतराव्या शतकात येथे वास्तव्य केलेले शेख महंमद हे कादरी परंपरेतील सूफी होते आणि त्याच वेळी मराठी संतकवींच्या मालिकेतही त्यांची गणना होते. त्यांचे गुरू चांद बोधले यांची समाधी दौलताबाद येथे आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, अशी परंपरा आहे. एकनाथचरित्रात दत्तात्रेय मलंग फकिराच्या वेषात दर्शन देतात, ही कथा याच संबंधाची स्मृती असावी असे काही अभ्यासक मानतात. मालोजी भोसले यांनी शेख महंमदांना श्रीगोंद्यास आणले, असेही परंपरा सांगते.

त्यांच्या ‘योगसंग्राम’ या अठरा प्रसंगांच्या ओवीबद्ध ग्रंथाची वा. सी. बेंद्रे यांनी संपादित केलेली प्रत उपलब्ध असल्याने अभ्यासकांची सोय झाली आहे. ग्रंथाच्या नावातच त्याचे सार आहे. साधक हा योद्धा. त्याचे शत्रू बाहेर नसून इंद्रिये, विकार आणि अहंकार हे आहेत. योगमार्गाचे आणि वेदान्ताचे शब्द येथे विपुल आहेत, परंतु या रूपकाची ठेवण जाणत्या सूफी वाचकालाही परकी वाटणार नाही. स्वतःच्या ‘नफ्सा’शी केलेले युद्ध हेच मोठे युद्ध, हा सूफींचा आवडता सिद्धान्त आहे. एकाच रूपकात दोन परंपरा अशा रीतीने नांदतात की, त्यातील कोणता धागा कोणाचा हे वेगळे काढून दाखविणे कठीण व्हावे.

मात्र यावरून शेख महंमद सर्व धर्मांना सारखेच मानून मोकळे झाले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्यांच्या लेखनात दांभिक गुरू, पोटभरू फकीर, अनुभवाविना शब्दांचे मनोरे रचणारे पंडित यांच्यावर कठोर प्रहार आहेत, आणि ते दोन्ही बाजूंना लागतात. ‘निष्कलंक प्रबोध’ या रचनेत तर अंधश्रद्धेवरील टीका अधिकच उघड आहे. ते दोन समाजांची गोड समजूत घालीत नाहीत. दोहोंना एकच प्रश्न विचारतात, की तुम्ही जे बोलता ते तुम्ही पाहिले आहे काय? त्यांच्या लेखी समानता आहे ती या प्रश्नात. शेख महंमद हिंदू की मुसलमान या वादात हा प्रश्नच नेमका बाजूला पडतो, ही खेदाची गोष्ट होय.

श्वास आणि नाम

शेख महंमदांच्या नावावरील आणखी एक रचना ‘पवनविजय’ ही आहे. पवन म्हणजे येथे प्राण, श्वास. परंपरांमधील साम्य कोठे शोधावे याची एक दिशा या शीर्षकातून मिळते, म्हणून या मुद्द्याचा थोडा विस्तार करणे आवश्यक वाटते.

नाथपंथीय योगात श्वासाबरोबर आपोआप चालणाऱ्या ‘सोऽहं’च्या जपास अजपाजप म्हणतात, दिवसरात्रीत माणूस २१,६०० श्वास घेतो आणि तितका जप नकळत घडतो, असा हिशेब योगग्रंथांत दिलेला आहे. साधकाने करावयाचे ते एवढेच की, जे नकळत घडते आहे ते जाणावे. भारतीय सूफींमध्ये ‘पास-ए-अनफास’ म्हणजे श्वासांची राखण ही साधना प्रचलित होती. बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर ईश्वरेतर सर्वांचा नकार आणि आत येणाऱ्या श्वासाबरोबर ईश्वराचा स्वीकार, अशी कलम्याची विभागणी तीत केली जाते. बौद्ध परंपरेतील आनापानसतीमध्ये कोणतेही नाम नाही. येणारा-जाणारा श्वास केवळ स्मृतिपूर्वक पाहावयाचा.

या तिन्ही साधनांची यंत्रणा जवळजवळ एकच आहे. विखुरलेले चित्त एका अखंड, सदैव उपलब्ध अशा क्रियेवर आणून बसविणे. ते ढळले की पुन्हा आणणे. आणि या खटाटोपात ‘मी करतो’ ही जाणीव हळूहळू सैल होत जाणे. परंतु त्यांच्यामागील सिद्धान्त पाहिले तर ते एकमेकांशी जुळत नाहीत. ‘सोऽहं’ म्हणणारा जीवाचे ब्रह्माशी ऐक्य उच्चारतो. सूफी साधकाच्या दृष्टीने दासाने स्वतःस ईश्वर म्हणणे धोक्याचे आहे. त्याचा ‘फना’ म्हणजे स्वत्वाचे विसर्जन होय, आणि त्यापुढील ‘बका’चा अर्थ काय यावर सूफींमध्येच मतभेद आहेत. बौद्धास तर विसर्जित करण्याजोगा शाश्वत आत्माच मान्य नाही. वारकरी संप्रदायात भर आहे तो श्वासापेक्षा मोठ्याने, समुदायाने घेतलेल्या नामावर. तुकोबांची पालखी यवत आणि वरवंड येथे मुक्कामाला येते तेव्हा दौंड तालुक्यातील शेतकऱ्याला एकांतातली साधना दिसत नाही. टाळांच्या गजरात हजारो कंठांत विरलेला ‘मी’ दिसतो. मार्ग उलटा, पण ‘मी’चे जे होते ते मात्र ओळखीचे. म्हणून साम्य शोधावयाचे तर ते सिद्धान्तात न शोधता साधनेच्या घडणीत आणि साधकावर होणाऱ्या तिच्या परिणामात शोधावे, असे येथे सुचवावेसे वाटते.

याच्या उलट प्रयत्नाचे उदाहरणही याच नदीकाठी आहे. दौंड तालुक्यासमोर, भीमेच्या उत्तर तीरावरील पेडगाव हे बहादूरगडामुळे इतिहासात प्रसिद्ध. तेच अठराव्या शतकातील शाहमुनींचे गाव. त्यांचा ‘सिद्धान्तबोध’ हा पन्नास अध्यायांचा ग्रंथ निरनिराळी मते, पंथ आणि दैवते यांची एक व्यवस्था लावू पाहतो. त्यावर महानुभाव विचाराची छाप आहे, आणि त्यामुळे तो वादाचा विषयही झाला. एका ग्रंथाच्या नावात ‘संग्राम’ आणि दुसऱ्याच्या नावात ‘सिद्धान्त’ हा योगायोग असेल. पण दोन्ही ग्रंथांच्या प्रकृतीतील फरक त्यातून नेमका व्यक्त होतो.

साक्ष आणि तिचा अर्थ

प्रत्यक्ष अनुभवाच्या दाव्यात एक अडचण आहे. तो अनुभव स्वसंवेद्य असतो; इतरांपर्यंत पोहोचते ती केवळ त्याची साक्ष. पारनेर तालुक्यातील पिंपळनेरचे संत निळोबाराय यांचे घराणे मूळचे शिरूरचे, असे परंपरा सांगते. तुकोबांच्या निर्वाणानंतर, त्यांना दृष्टान्तात भेटून आपणास उपदेश झाला अशी निळोबांची श्रद्धा होती. स्वतः तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता. इतिहासाच्या अभ्यासकाने याबाबत काय करावे? स्वप्न घडले की नाही याचा निवाडा त्याला करता येत नाही. परंतु त्या साक्षीतून कोणते आयुष्य उभे राहिले हे तपासता येते, आणि रानड्यांची दुसरी कसोटी येथे उपयोगी पडते.

दौंड तालुक्यातील केडगावचे उदाहरण याहून अधिक विचार करावयास लावणारे आहे. दत्तभक्त नारायण महाराज (१८८५–१९४५) यांचे वास्तव्य येथील ‘बेटा’वर होते. पुण्यातील इराणी जरथुष्ट्री कुटुंबात १८९४ मध्ये जन्मलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले मेहेरबाबा यांची १९१३ मध्ये पुणे कॅम्पातील कडुनिंबाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान यांच्याशी भेट झाली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. त्यानंतर १९१५ मध्ये ते केडगावास नारायण महाराजांकडे गेले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. पठाण वंशाच्या मानल्या जाणाऱ्या मुस्लिम फकीर स्त्री, दत्तसंप्रदायी महाराज, शिर्डीचे साईबाबा, साकोरीचे उपासनी महाराज आणि नागपूरचे ताजुद्दीन बाबा या पाचही जणांना मेहेरबाबांनी आपले सद्गुरू मानले. पुढे १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात त्यांनी सूफी आणि वेदान्ती संज्ञा समोरासमोर मांडल्या. ज्याला पाच दारांतून एकच घर दिसले, असा हा साधक. संज्ञांचे असे तक्ते सोयीचे असले तरी त्यांत प्रत्येक संज्ञेचा मूळ संदर्भ थोडा पुसला जातो, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु त्याच केडगावात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे मुक्ती मिशन आहे. संस्कृत विद्येत पारंगत असलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तथापि १९०७ मधील आत्मनिवेदनात त्यांनी स्पष्ट सांगितले की, तेव्हा आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो आंतरिक अनुभव काही वर्षांनी आला. १९०५ मध्ये मुक्ती सदनातील मुलींमध्ये प्रार्थनेची जी मोठी लाट उसळली तीही प्रत्यक्ष अनुभवाचीच होती. रमाबाईंची साक्ष मेहेरबाबांच्या साक्षीपेक्षा कोणत्याही अर्थाने कमी प्रामाणिक नाही. शास्त्रवचनापेक्षा अनुभव श्रेष्ठ, हे सूत्रही दोघांच्या आयुष्यात समान आहे. मात्र रमाबाईंना त्या अनुभवाने सर्व मार्ग एक आहेत असे सांगितले नाही. तिने ज्या परंपरेत जन्म घेतला, जिच्यात विधवांची दुर्दशा जवळून पाहिली, तिच्यापासून दूर नेले.

अनुभव स्वतःच ऐक्याची ग्वाही देतो, असे मानणाऱ्यांनी केडगावच्या या दोन साक्षींचा एकत्र विचार करावयास हवा. १९७८ मध्ये स्टीव्हन काट्झ यांनी असे प्रतिपादन केले की, भाषा, संस्कार आणि अपेक्षा यांपासून मुक्त असा शुद्ध अनुभव संभवतच नाही. सूफीला सूफी अनुभव येतो, बौद्धास बौद्ध. रानड्यांच्या सार्वत्रिकतेला हा थेट छेद आहे. काट्झ यांचा आक्षेप अनुभवाच्या आशयापुरता बराचसा ग्राह्य वाटतो. परंतु संस्कारच सर्व काही ठरवीत असते तर शेख महंमदांच्या ओव्या का लिहिल्या गेल्या, आणि इराणी तरुणाला बाबाजानांच्या झाडाखाली काय सापडले, याचे उत्तर त्या मांडणीत मिळत नाही. संस्कार ओलांडणारे साधकही संस्काराइतकेच खरे आहेत.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक बाब पुढे येते. मराठी, तत्त्वज्ञान आणि इतिहास या विभागांत शेख महंमद सहसा ‘सामाजिक सलोख्याचे कवी’ म्हणून एका परिच्छेदात आटोपले जातात. विद्यार्थी त्यांच्या नावाखाली सलोख्यावर निबंध लिहितो, ‘योगसंग्राम’ मात्र उघडत नाही. त्याऐवजी ‘योगसंग्रामा’तील एखादा प्रसंग, निळोबांचे आत्मपर अभंग आणि रमाबाईंचे आत्मनिवेदन अशा तीन साक्षी एकत्र वाचावयास दिल्या आणि प्रत्येकीत साधकाने काय केले, काय घडले आणि त्याने त्याचा काय अर्थ लावला या तीन गोष्टी वेगळ्या करावयास सांगितल्या, तर पहिल्या गोष्टीत साम्य अधिक आणि तिसरीत सर्वांत कमी आढळते. दुसऱ्या गोष्टीबद्दल वर्गात मतभेद होतात. शिरूर आणि दौंड परिसरातील महाविद्यालयांना यांतील बहुतेक स्थळे एका दिवसाच्या अभ्याससहलीत पाहता येण्याजोगी आहेत. श्रीगोंदा, पेडगाव आणि केडगाव असा क्रम ठेवला तर भीमा दोनदा ओलांडावी लागते.