पदवी आहे, परवाना नाही

गैरसमज: युद्धातून पळालेले सगळे युरोपच गाठतात.
वस्तुस्थिती: संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबाने २०२४ अखेर जगात १२ कोटींहून अधिक माणसं परागंदा होती. त्यांतली निम्म्याहून जास्त स्वतःच्याच देशात होती. सीमा ओलांडणारेही बहुतेक शेजारीच थांबतात. सीरियातले सर्वाधिक निर्वासित तुर्कस्तानात गेले, जर्मनीत नव्हे.

गैरसमज: डॉक्टर कुठेही गेला तरी डॉक्टरच.
वस्तुस्थिती: ज्ञान सोबत येतं, परवाना येत नाही. सीरियाच्या अलेप्पोतला मुरलेला सर्जन जर्मनीत पोचला, की आधी भाषेच्या वर्गात बसतो. पुढे वैद्यकीय जर्मनची सी-१ या प्रगत पातळीची परीक्षा: २० मिनिटं रुग्णाची विचारपूस, २० मिनिटांत केस लिहून काढायची, २० मिनिटं ती दुसऱ्या डॉक्टरला सांगायची. (मॅक्समुल्लर भवनात जर्मनच्या मधल्या बी-१ पातळीसाठी घाम गाळलेल्यांना यातली मेख कळेल. शिवाय बव्हेरियातला म्हातारा आपलं दुखणं पाठ्यपुस्तकातल्या जर्मनमध्ये सांगत नाही.) मग पदवीची पडताळणी. त्यासाठी लागणारे कागद, शिक्के डिसेंबर २०२४पर्यंत कोणाकडून आणावे लागत? ज्या राजवटीपासून जीव वाचवून पळालो, तिच्याच कचेऱ्यांतून! कागद मिळाले नाहीत किंवा अभ्यासक्रमात मोठी तफावत निघाली, तर मेडिसिन आणि सर्जरीची तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा. राज्यं १६, आणि परवाना देणारं खातं प्रत्येकाचं आपापलं. मधल्या काळात देखरेखीखाली काम करण्याचा तात्पुरता परवाना मिळू शकतो. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, तेव्हा परीक्षा हवीच. माणूस पिचतो तो दोन परीक्षांमधल्या ताटकळण्याने.

गैरसमज: सरकारी भत्ता मिळतोय, मग काम कोण करणार?
वस्तुस्थिती: आश्रय मागणाऱ्याला सुरुवातीचे काही महिने कायदाच काम करू देत नाही. तरीही २०१५ साली जर्मनीत आलेल्या निर्वासितांपैकी ६४ टक्के २०२४पर्यंत नोकरीला लागले होते, असं तिथल्या रोजगार संशोधन संस्थेचा अभ्यास सांगतो. देशातल्या कामाच्या वयाच्या एकूण लोकसंख्येत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आहे. निर्वासित पुरुषांचं पाहिलं तर ७६ टक्के, म्हणजे देशातल्या पुरुषांच्या सरासरीहून जास्तच. बायकांचं मात्र ३५. एकत्रित आकडा मिरवणाऱ्यांनी हा जरा डोळ्यांसमोर ठेवावा: पदरी लहान मुलं आणि पाळणाघरात जागा नाही, म्हटल्यावर भाषेचा वर्गही लांबणीवर पडतो.

गैरसमज: राजवट पडली, आता सगळे परत जातील.
वस्तुस्थिती: डिसेंबर २०२४मध्ये सीरियाचे सत्ताधीश असद देश सोडून पळाले, आणि सीरियन डॉक्टर निघून गेले तर काय, या काळजीने जर्मन रुग्णालयं धास्तावली. पाच हजारांहून अधिक सीरियन डॉक्टर तेव्हा तिथे काम करत होते. परदेशी डॉक्टरांमधला तो सर्वांत मोठा गट. त्याच वर्षी ८३ हजारांवर सीरियन जर्मन नागरिक झाले. पण नागरिकत्व घेतलं म्हणजे मायदेश सोडलाच, असंही नाही. आश्रित म्हणून राहणारा सीरियाला जाऊन आला, तर त्याचं संरक्षण धोक्यात येऊ शकतं. जर्मन पासपोर्टवाल्याला ती धास्ती नसते. तो दमास्कसला जाऊन घर, दवाखाना शाबूत आहे का ते बघून येऊ शकतो, आणि मगच ठरवू शकतो.