अर्जातील साक्षीदार

अध्यापकाच्या किंवा संशोधन साहाय्यकाच्या पदासाठी अर्ज करताना दोन-तीन जबाबदार व्यक्तींची नावे द्यावी लागतात. हा रकाना बहुधा शेवटी असतो आणि तितक्याच घाईने भरला जातो. शिरूर व दौंड तालुक्यांतील आमच्या विद्यार्थ्यांच्या अर्जांत तेथे सरपंच, साखर कारखान्याचे संचालक, क्वचित आमदारही आढळतात. यात लबाडी नसते. ज्याच्या घरात पूर्वी कोणी पदवीपर्यंत पोहोचलेले नाही, त्याला 'आपल्यासाठी शब्द टाकील असा मोठा माणूस कोण?' एवढाच या रकान्याचा अर्थ लागतो.

हा घोटाळा काही अंशी भाषेचाच आहे. 'वशिला' हा मूळ अरबी 'वसीला', म्हणजे साधन किंवा मध्यस्थी. मराठीत त्याला निंदेची छटा चिकटली. 'शिफारस' फारसीतून आली. तिच्या मुळाशी 'सोपविणे' हा अर्थ आहे. 'संदर्भ' म्हणजे संस्कृतात गुंफण. ग्रंथसूचीत तो शोभतो, माणसाला लावताना मात्र अवघडतो. निवडसमितीस हवी असते ती साक्ष. साक्षीदाराची प्रतिष्ठा किती यापेक्षा त्याने स्वतः काय पाहिले, हे तेथे महत्त्वाचे.

तेव्हा प्रबंधाचे मार्गदर्शक, ज्यांच्यासमवेत क्षेत्रीय पाहणी केली ते अध्यापक, तासिका तत्त्वावर शिकविले असल्यास तेथील विभागप्रमुख, अशी नावे द्यावीत. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करून शिकलेले विद्यार्थी ती नोकरी अर्जात लपवितात, हे आम्हांस कधीच उमगले नाही. तेथील पर्यवेक्षक त्यांच्या नेटाविषयी जे सांगू शकेल, ते आम्हांस सांगता येणार नाही. नातलग मात्र कितीही विद्वान असोत, वर्ज्य समजावेत.

खरी अडचण निराळीच आहे. दौंडहून रोज आगगाडीने आणि शिरूरहून एस. टी.ने येणारा विद्यार्थी तास संपताच परतीच्या वाटेला लागतो. अध्यापकाशी दोन शब्द बोलण्यास त्याला उसंत नसते. अशाच एका विद्यार्थ्याविषयी एका संस्थेकडून मला एकदा विचारणा आली. त्याने मला आधी कळविले नव्हते आणि नावावरून चेहरा आठवेना. मी दोन कोरड्या ओळी लिहून पाठविल्या. त्याची उत्तरपत्रिका मी स्वतः वाखाणली होती, हे पुढे जुनी टिपणे चाळताना ध्यानी आले. तोवर ती जागा भरली गेली होती.

म्हणून संमती आधी घ्यावी. 'माझे नाव सुचवा' या आज्ञार्थात नकारास जागा नाही. 'माझ्या कामाविषयी आपणांस लिहिता येईल का?' या प्रश्नात ती आहे, आणि ती असावी. थंडपणे लिहिणाऱ्यापेक्षा सरळ नाही म्हणणारा बरा. संमती मिळाल्यावर जाहिरात, आपला परिचय, प्रबंधाचा गोषवारा व अंतिम तारीख त्यांच्याकडे धाडावी. प्रशस्तिपत्र उमेदवाराच्या हाती मिळते. गोपनीय अभिप्राय मात्र संस्था परस्पर मागविते. हल्ली ही विचारणा बहुधा ई-मेलने येते. त्यामुळे पत्ता चालू आहे, गृहस्थ निवृत्त झालेले नाहीत, याची खात्री करावी. यादीत नाव, हुद्दा, संस्था, दूरध्वनी यांसह 'एम. ए.च्या प्रबंधाचे मार्गदर्शक, दोन वर्षे' असा संबंधही एका ओळीत नोंदवावा.

निकाल काहीही लागो, तो साक्षीदारास कळवावा. बहुतेकजण नेमके हेच विसरतात.