वाटीभर वायफाय!

शेजाऱ्यांना साखर द्या, विरजण द्या, गावाला जाताना घराची किल्लीसुद्धा द्या. पण वायफायचा पासवर्ड? तो देण्याआधी हे वाचा. आणि तुमचा पासवर्ड म्हणजे तुमचाच मोबाइल नंबर असेल, तर मग नक्कीच वाचा!

नवीन कनेक्शन घेताना घरोघरी एक संवाद हमखास होतो. फायबर टाकायला आलेला मुलगा शिडीवरूनच विचारतो, ‘मॅडम, पासवर्ड काय ठेवू?’ आपण एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात ऑफिसचा कॉल अशा अवस्थेत ओरडतो, ‘अरे, मोबाइल नंबरच ठेव ना, लक्षात राहतो!’

झालं. खेळ खल्लास.

मित्रमैत्रिणींच्या घरी गेलं की चहाआधी राउटर बघायची मला खोड आहे. त्यामुळे खात्रीने सांगते, आपल्या मंडळींचे पासवर्ड मोजून तीन प्रकारचे असतात. पहिला, मोबाइल नंबर. दुसरा, लेकीचं नाव, मग ‘अ‍ॅट’ आणि मग १२३. तिसरा, राउटरच्या स्टिकरवर छापून आलेला, ज्याला कुणी हातच लावलेला नाही. बँकेच्या अ‍ॅपला बोटाचा ठसा, फोनला चेहरा, ऑफिसच्या लॅपटॉपला दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड आणि वायफायला मात्र हे! कारण आपल्या डोक्यात एकच हिशेब असतो. कुणी घुसलंच तर काय नेईल? थोडा डेटा. आणि प्लॅन तर अनलिमिटेड आहे, यार!

हाच हिशेब चुकतो. प्रश्न डेटाचा नाहीच. प्रश्न आहे तुमच्या नावाचा.

पत्ता तुमचा, उद्योग दुसऱ्याचा

२६ जुलै २००८. अहमदाबादमध्ये ओळीने स्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. पहिला स्फोट व्हायच्या काही मिनिटं आधी न्यूज चॅनलांना धमकीचा ईमेल आला होता. ईमेल कुठून आला याचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटवर. तिथलं वायफाय कुणालाही वापरता येईल असं होतं. घरच्यांची चौकशी झाली, कम्प्युटर तपासले गेले, पेपरांत रकानेच्या रकाने छापून आले. ईमेल पाठवणारे दुसरेच होते, हे तपासात पुढे आलं. त्याच वर्षी २३ ऑगस्टला आलेल्या ईमेलचा माग माटुंग्याच्या खालसा कॉलेजात निघाला, तर १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळच्या ईमेलचा माग चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवर. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी जाहीर केलं, की आमची माणसं लॅपटॉप घेऊन शहरात फिरतील आणि उघडी वायफाय शोधतील.

असं का झालं? तर इंटरनेटवर तुमच्या कनेक्शनला एक पत्ता मिळतो, आयपी अ‍ॅड्रेस. घरातला फोन, टीव्ही, लॅपटॉप वेगवेगळे असले तरी बाहेरच्या जगाला साधारणपणे तो एकच पत्ता दिसतो. आणि तो पत्ता सर्व्हिस देणाऱ्या कंपनीच्या वहीत कुणाच्या नावावर असतो? ज्याच्या नावाने बिल येतं त्याच्या! म्हणजे तुमच्या वायफायवरून कुणी फ्रॉड केला, कुणाला धमकी दिली, कुणाचे घाणेरडे फोटो फिरवले, तर पहिली बेल तुमच्याच दाराची वाजणार. तुम्ही निर्दोष आहात हे पुढे सिद्ध होईलही. पण तोपर्यंत तुमचा लॅपटॉप पोलीस स्टेशनात आणि तुम्ही सोसायटीच्या गप्पांत!

आता उघडी वायफाय फारशी दिसत नाहीत, हे खरं. पण सोपा पासवर्ड म्हणजे कडी लावलेलं, कुलूप नसलेलं दार.

जिन्यातला पाहुणा

इथे बहुतेकांची एक गोड गैरसमजूत असते. पासवर्ड ओळखायचा म्हणजे कुणीतरी बाहेर बसून एकेक टाइप करणार, चार वेळा चुकणार आणि कंटाळून जाणार. छे! तसं होतच नाही.

तुमचा फोन वायफायला जोडला जातो, तेव्हा फोन आणि राउटर एकमेकांची ओळख पटवून घेतात. पासवर्ड हवेतून जात नाही, पण त्याच्यापासून तयार झालेला एक पुरावा जातो. हा पुरावा जिन्यात, पार्किंगमध्ये, समोरच्या बिल्डिंगमध्ये बसलेल्या कुणालाही टिपता येतो. बऱ्याच राउटरच्या बाबतीत तर फोन जोडला जाण्याची वाटही बघावी लागत नाही. तशी पद्धत २०१८ मध्येच उघड झाली आहे. पुरावा खिशात घालून पठ्ठ्या घरी जातो, कम्प्युटरला कामाला लावतो आणि झोपतो. कम्प्युटर रात्रभर एकेक अंदाज त्या पुराव्याशी ताडून बघत बसतो. तुमच्या राउटरला याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच इथे ‘तीन वेळा चुकलात, खातं लॉक’ हा प्रकार चालत नाही. तुमच्या आणि त्याच्या मध्ये उभी असते फक्त एक गोष्ट. पासवर्ड किती अवघड आहे, एवढीच!

किती सोपं असतं हे सगळं? २०२१ मध्ये सायबरआर्क कंपनीतल्या इदो होरविच या संशोधकाने इस्रायलच्या तेल अवीव शहरात फिरून ५,००० वायफाय नेटवर्कचे असे पुरावे गोळा केले. त्यातले ३,५०० हून जास्त पासवर्ड त्याने शोधून काढले. आणि त्यात सगळ्यात मोठा ढीग कशाचा होता? मोबाइल नंबरांचा! तिकडचे मोबाइल नंबर शून्य-पाचने सुरू होतात, म्हणजे ओळखायचे उरतात आठच आकडे, दहा कोटी शक्यता. त्याच्या साध्या लॅपटॉपला त्या सगळ्या तपासायला लागायची साधारण नऊ मिनिटं. आपली मॅगी होते, खाऊन होते आणि भांडं विसळून होतं तेवढ्यात!

आता आपलं गणित मांडू. भारतातले नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे ४०० कोटी शक्यता. आकडा ऐकून बरं वाटतं ना? त्याच लॅपटॉपच्या वेगाने सगळे नंबर तपासायला लागतील जेमतेम सहा तास. एक रात्रसुद्धा नाही. आणि खरं सांगायचं तर एवढीही मेहनत कशाला? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचा नंबर सगळ्यांना दिसतोच आहे. नेटवर्कचं नाव ‘फ्लॅट ५०३’ ठेवलं असेल, तर कोणता नंबर आधी टाकून बघायचा हेही तुम्हीच सांगून ठेवलंय. पहिल्याच फटक्यात आत!

नाव, जन्मसाल, गाडीचा नंबर यांचीही तीच गत. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड फुटले. त्यांत सगळ्यात लोकप्रिय कोणता होता? १२३४५६. ती यादी तेव्हापासून पासवर्ड फोडणाऱ्यांची बाराखडी झाली आहे. ‘ए’ऐवजी ‘अ‍ॅट’ आणि ‘ओ’ऐवजी शून्य टाकण्याची आपली हुशारीही त्यांच्या कम्प्युटरला तोंडपाठ असते.

फंडा एकच, लांबी!

मग काय, चिन्हं आणि आकडे कोंबलेलं काहीतरी अगम्य ठेवायचं? ठेवता येईल. पण मग ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवाल, किंवा पाहुण्यांना सांगताना ‘कॅपिटल एक्स, मग हॅश, नाही नाही, आधी डॉलर’ अशी कवायत कराल. त्यापेक्षा सोपा उपाय आहे. शब्द. पाच शब्द, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले.

कल्पना नवी नाही. १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी ७,७७६ शब्दांची यादी केली. फासा पाच वेळा टाकायचा, येणाऱ्या आकड्यांसमोरचा शब्द घ्यायचा. पद्धतीचं नाव डाइसवेअर. असे पाच शब्द घेतले, तर तेल अवीवमधल्या त्या लॅपटॉपला सगळ्या जोड्या तपासायला चाळीस लाखांहून जास्त वर्षं लागतील. मोठी मशिन लावली तरी हजारो वर्षं. आणि चोराला तुमची पद्धत माहीत आहे, यादीही त्याच्याकडे आहे, असं धरून हा हिशेब आहे!

मराठीत मजा जास्त. घरातला शब्दकोश घ्या, डोळे मिटून पाच ठिकाणी उघडा, बोट पडेल तो शब्द घ्या. झारा, पतंग, वेलदोडा, तारांगण, पायपुसणं... इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा. पायपुसण्यावर बसून तारांगण बघत वेलदोडा खाणारा माणूस एकदा डोळ्यांपुढे आणा, जन्मात विसरणार नाही. (हे पाच शब्द आता छापून आलेत, तेव्हा ते बाद!) शब्द मनाने मात्र निवडू नका. आपलं मन फार प्रेडिक्टेबल असतं, ते गणपती, शिवाजी आणि आई यांच्यापुढे जात नाही. गाण्याची ओळ, म्हण, आरती नको. त्या सगळ्यांच्याच तोंडी असतात.

पाहुण्यांचं काय?

पूर्वी शेजारच्या काकू वाटी घेऊन साखर मागायला यायच्या, आता त्यांचा नातू फोन घेऊन पासवर्ड मागायला येतो. त्याला ‘नाही’ कसं म्हणायचं? ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी बिचाऱ्याचं नेट गेलेलं असतं. आणि चांगली शेजारपाजारची नाती तोडायला मी सांगतच नाहीये.

उपाय आहे गेस्ट नेटवर्क. बऱ्याच राउटरमध्ये ही सोय आधीपासूनच असते, आपण कधी उघडून बघितलेली नसते, एवढंच. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. त्यांना इंटरनेट मिळतं, पण तुमचा लॅपटॉप, प्रिंटर, बाळाच्या खोलीतला कॅमेरा त्यांच्या हाती लागत नाही. दिवाळी झाली, मंडळी गेली, की पासवर्ड बदलायचा. फक्त एक लक्षात ठेवा. गेस्ट नेटवर्कचाही बाहेरचा पत्ता तुमचाच असतो. म्हणून तोही ओळखीच्यांनाच आणि गरजेपुरता.

क्यूआर कोड हॉलमध्ये चिकटवायची फॅशन आहे, तर तो गेस्टचाच चिकटवा. त्या चौकोनात तुमचा पासवर्ड सरळ वाचता येईल असा असतो. व्हिडिओ कॉलमध्ये मागे भिंतीवर दिसला, की अख्ख्या टीमला मिळाला!

दहा मिनिटांचा कार्यक्रम

• राउटरच्या स्टिकरवर सेटिंगचा पत्ता असतो, किंवा कंपनीचं अ‍ॅप असतं. तिथे जा. आधी राउटरचा स्वतःचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणूनच.

• सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूपीए-३ असेल तर तो निवडा. २०१८ मध्ये आलेल्या या पद्धतीत घरी बसून अंदाज ताडता येत नाहीत, प्रत्येक वेळी राउटरलाच विचारावं लागतं. जुनी उपकरणं जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए-२, सोबत ‘एईएस’. डब्ल्यूईपी दिसलं तर राउटर सरळ भंगारात काढा. डार्मस्टाटच्या संशोधकांनी २००७ मध्येच ते एका मिनिटाच्या आत फोडून दाखवलं होतं.

• वायफायचा पासवर्ड पाच शब्दांचा. नियमाने तो ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो, तेव्हा कंजुषी नको.

• डब्ल्यूपीएस बंद. बटण दाबून जोडायची ही सोय आठ आकडी पिनवरही चालते. दिसायला कोट्यवधी शक्यता, पण पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासले जात असल्याने ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच उघड झालं.

• नेटवर्कच्या नावात आडनाव, फ्लॅट नंबर नको. नाव लपवून ठेवण्याचा मात्र उपयोग नाही, शोधणाऱ्याला ते सापडतंच.

• सॉफ्टवेअर अपडेट करा आणि जोडलेल्या उपकरणांची यादी एकदा वाचा. ओळखीचं नाही असं काही दिसलं? नवा पासवर्ड लावला की आपोआप बाहेर.

यानंतर घरात तासभर गोंधळ होणार, हे आधीच सांगून ठेवते. टीव्ही रुसेल, प्रिंटर हरवेल, ‘नेट गेलंय का गं?’ अशी आतल्या खोलीतून हाक येईल. एकेका उपकरणात पाच शब्द टाइप करताना बोटं दुखतील. पण हे एकदाच करायचंय. आणि पुढच्या वेळी शिडीवरच्या मुलाने ‘पासवर्ड काय ठेवू?’ असं विचारलं, तर काहीही सांगा. फक्त तो जिना उतरला, की लगेच बदला!