राजा, प्रधान आणि सोंगाड्या

राजघराणे आणि राजकारणी यांच्यातला तंटा बहुधा मुलुखावरून किंवा पैशावरून सुरू होतो, पण चिघळतो तो मानावरून. मुलूख अर्धा-अर्धा वाटून घेता येतो, खंडणीचे हप्ते पाडता येतात. मान मात्र वाटता येत नाही. पहिला मुजरा कोणी करायचा, गादीच्या उजव्या हाताला कोणी बसायचे, तहनाम्यात कोणाचे नाव वर लिहायचे, अशा बाबतींत माघार घेतली तर चारचौघांत नाक कापले जाते. अशा वेळी दरबारात एखादा असा माणूस लागतो, ज्याला स्वतःचा मानच नाही. त्याने केलेली चेष्टा कोणाच्या दप्तरात नोंदली जात नाही, तिचे उत्तर द्यावे लागत नाही आणि तरीही सांगायचे ते सांगून होते. जुन्या नाटकांतला विदूषक, दरबारातला मस्करा आणि तमाशातला सोंगाड्या हे तिघेही हेच काम करत आले.

याचे सर्वांत तपशीलवार चित्र कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त सापडते आणि त्यातले राजकारण विदर्भाचेच आहे. विदिशेचा राजा अग्निमित्र आणि विदर्भाचा राजा यज्ञसेन यांच्यात वितुष्ट आलेले असते. यज्ञसेनाने आपला चुलतभाऊ माधवसेन याला कैदेत टाकले आहे आणि अग्निमित्राला त्याची सुटका हवी आहे. यज्ञसेनाचा मेहुणा अग्निमित्राच्या कैदेत आहे. तुम्ही आमचा माणूस सोडा, मग आम्ही तुमचा सोडू, असे विदर्भाचे उत्तर येते. अमात्य ते पत्र राजापुढे मांडतो, राजा संतापतो आणि लढाईचा हुकूम सुटतो. अमात्य बाहेर पडतो न पडतो तोच विदूषक गौतम आत येतो. राजा त्याचे स्वागत करतो ते आपला दुसऱ्या कामाचा मंत्री म्हणून. एका मंत्र्याकडे फौज आणि तह, दुसऱ्याकडे रुसवेफुगवे, अशी ही वाटणी आहे.

हा दुसरा मंत्री काय करतो, ते चौथ्या अंकात दिसते. राजाचे मन जिच्यावर जडले आहे त्या मालविकेला राणी धारिणीने तळघरात कोंडले आहे आणि आपली नागमुद्रेची अंगठी दाखवल्याशिवाय तिला सोडू नये, अशी ताकीद दिली आहे. राजाला राणीपुढे तोंड उघडण्याची सोय नाही. गौतम केतकीच्या काट्याने स्वतःचे बोट टोचून घेतो आणि साप चावला म्हणून गडाबडा लोळतो. विष उतरवायला नागाचे चिन्ह असलेली वस्तू हवी, असा वैद्याचा निरोप येतो. राणी घाबरून बोटातली अंगठी काढून देते आणि मालविका सुटते. पुढे हाच गौतम दाराशी पहारा देताना डुलक्या घेतो, झोपेत बरळतो आणि सगळे बिंग फोडतो. त्याच्या अंगावर दासी वाकडी काठी टाकते, तेव्हा तो खरोखरच साप म्हणून किंचाळतो. राजाची फजिती होते, राण्यांचा राग दिसतो. पण कोणाचेही नाते तुटेल असा शब्द कोणाला उच्चारावा लागत नाही. शेवटी मालविका ही माधवसेनाची बहीण निघते आणि वरदा, म्हणजे आजची वर्धा नदी सीमा धरून विदर्भ दोघा चुलतभावांत वाटला जातो. राजकारणाचा तह फौजेने घडवला, घरातला तह विदूषकाने.

नाट्यशास्त्राने या विदूषकाचे रूपही ठरवून दिले आहे. तो जातीने ब्राह्मण, पण दिसायला बेढब, खाण्याचा लोभी आणि बोलतो प्राकृत. राजा संस्कृतात बोलतो आणि हा त्याला मित्र म्हणून हाक मारतो. तो आधी स्वतःलाच हास्यास्पद करून घेतो, म्हणून दुसऱ्याला हसण्याचा परवाना त्याला मिळतो.

हा परवाना ज्या नाटककाराने कोणालाच दिला नाही, तो नेमका विदर्भातल्याच भंडाऱ्याच्या मातीतला मानला जातो. भवभूतीने आपले गाव पद्मपूर असल्याचे सांगितले आहे. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पद्मपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवले. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. ‘मालतीमाधव’, ‘महावीरचरित’ आणि ‘उत्तररामचरित’ या भवभूतीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही. त्याचा आश्रयदाता कनौजचा राजा यशोवर्मा. काश्मीरचा ललितादित्य आणि यशोवर्मा यांच्यात आठव्या शतकात तह ठरला होता, त्याची हकिकत कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त आहे. तहनाम्यात यशोवर्म्याचे नाव आधी आणि ललितादित्याचे नंतर लिहिले गेले. ललितादित्याचा सांधिविग्रहिक, म्हणजे तह आणि लढाईचा मंत्री मित्रशर्मा अडून बसला, तह मोडला आणि यशोवर्म्याला राज्य गमवावे लागले. लढाईला कंटाळलेल्या सेनापतींना तह हवा होता. दोन नावांच्या क्रमाने तो घालवला.

मानाच्या अशा कोंडीतून वाट काढण्यासाठी जगभरच्या दरबारांनी मस्करे पदरी बाळगले. १३४० साली स्लॉइसच्या आरमारी लढाईत फ्रान्सचे आरमार बुडाले, तेव्हा ती बातमी राजाला सांगण्याची हिंमत कोणालाच झाली नाही. इंग्रज भित्रे आहेत, आपल्या सैनिकांसारखी समुद्रात उडी टाकायची त्यांची छाती झाली नाही, असे म्हणत राजाच्या मस्कऱ्याने ती सांगितली, अशी आख्यायिका आहे. बिरबलाच्या गोष्टी बहुतेक नंतर रचलेल्या आहेत. पण अकबराने त्याला रेवा भागातल्या राजा रामचंद्राकडे शिष्टाईसाठी पाठवले होते, ही इतिहासाची नोंद आहे. दरबारात वावरणारा, गोड बोलणारा माणूस रुसलेल्या राजाकडे पाठवणे बादशहाला फौज पाठवण्यापेक्षा स्वस्त पडत होते.

मराठ्यांच्या इतिहासात या युक्तीच्या दोन्ही बाजू तीन वर्षांच्या अंतराने दिसतात. १७९२ साली महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाने दिलेली वकील-इ-मुत्लकची वस्त्रे घेऊन पुण्याला आले. पदरी कवायती फौज, हाती दिल्लीचा कारभार. पुण्याच्या कारभाऱ्यांना त्यांची धास्ती वाटत होती. महादजी दरबारात सर्वांच्या खाली जाऊन उभे राहिले, काखेतून पेशव्यांसाठी आणलेले नवे जोडे काढले आणि पेशव्यांचे जोडे सांभाळणे हेच आपल्या घराण्याचे काम, असे सांगितले. हे सोंग आहे, हे तरुण पेशवे सवाई माधवरावांपासून कारभारी नाना फडणविसांपर्यंत सर्वांना कळत होते. तरी त्याने भेट सुखरूप पार पडली. सर्वांत बलवान माणसाने स्वतःची चेष्टा करून घेतल्यावर बाकीच्यांना रागवायला जागाच उरली नाही.

निजामाच्या दरबारात याच्या उलट घडले. चौथाईच्या थकबाकीचा हिशेब मागायला पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे तेथे होते. दिवाण मुशीर-उल-मुल्क याने खुलाशासाठी नानांनी जातीने दरबारात हजर व्हावे, असे सुनावले आणि न आल्यास त्यांना कसे आणायचे ते दाखवू, अशी भाषा केली. नानांची नक्कल करून दरबारात त्यांची टर उडवली गेल्याचेही इतिहासकार सांगतात. येथे हसणारा सत्ताधारी होता आणि ज्याच्यावर हसायचे तो हजर नव्हता. वकिलाला ते हसण्यावारी नेता येईना; कारण तो स्वतःसाठी नव्हे, धन्याच्या मानासाठी तेथे बसला होता. मार्च १७९५ मध्ये खर्ड्यावर मराठ्यांच्या साऱ्या फौजा एकवटल्या. त्यांत भंडारा ज्यांच्या राज्यात होते ते नागपूरचे दुसरे रघुजी भोसलेही होते. निजामाचा पराभव झाला आणि तहाच्या अटींनुसार मुशीर-उल-मुल्कला पुणेकरांच्या स्वाधीन व्हावे लागले.

वरून खाली केलेली चेष्टा अपमान ठरते आणि खालून वर केलेली चेष्टा खपून जाते, हे गावगाड्याला राजवाड्यांपेक्षा आधी कळलेले दिसते. पूर्व विदर्भातला पोळा त्याचा पुरावा आहे. पिठोरी अमावस्येला गावातल्या बैलजोड्या सजवून आखरावर तोरणाखाली उभ्या केल्या जातात. पहिला मान पाटलाच्या किंवा पूर्वीच्या मालगुजाराच्या जोडीचा. मानाची जोडी पुढे गेली की तोरण तुटते आणि पोळा फुटतो. १९५१ साली मालगुजारी कायद्याने गेली, पण पोळ्याच्या मानावरून धुसफूस होणे काही थांबले नाही. मात्र पोळा फुटण्याआधी झडत्या होतात. एखादा शेतकरी पुढे येऊन हात वर करतो आणि यमकात बांधलेली झडती म्हणतो. तिच्यात पाटलाचा चिक्कूपणा निघतो, सावकाराचे व्याज निघते, सरकारचा भाव निघतो, निवडून आलेल्या पुढाऱ्याची आश्वासने निघतात. लगेच दुसऱ्या टोकाकडून कोणी तिला तितक्याच जोराची झडती देतो. शेवट महादेवाच्या गजराने होतो आणि ज्याची खिल्ली उडवली तोही त्या गजरात आवाज मिसळतो. मानाची जोडी पुढे जाते ती या हशातून वाट काढत. मालकाचा मान राहतो आणि गावाचे म्हणणेही त्याच्या कानावर पडते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते. भोसल्यांच्या राजधानीतली ही मिरवणूक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. काळी मारबत ही इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या भोसले घराण्यातल्या बांकाबाईंचे प्रतीक, असे परंपरा सांगते. तिच्यासोबत निघणारे बडगे हे पुतळे मात्र दरवर्षी नवे असतात. महागाई, भ्रष्टाचार, गाजलेले घोटाळे आणि चर्चेतले पुढारी यांची सोंगे त्यांत असतात. एकाच मिरवणुकीत जुन्या राजघराण्याचीही निंदा आणि नव्या राजकारण्यांचीही. पुतळे जळाले की वर्षभराची चीड त्यांच्याबरोबर जाते आणि माणसे एकमेकांसमोर बसायला मोकळी होतात.

दिवाळीनंतर भंडारा-गोंदिया भागात गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत रंगते. खडी गंमत हे नाव सांगते तसा हा खेळ उभ्याउभ्याच होतो. शाहीर, ढोलकीवाला, बाईचे सोंग घेतलेला पुरुष आणि हजरजबाबी सोंगाड्या, एवढ्यावर रात्र निघते. दंडारीत शेतकरीच नट असतात आणि भाषा झाडीबोली असते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या झाडीपट्टीच्या लोकरंगभूमीचा आणि बोलीचा दीर्घ अभ्यास केला आहे. अशा खेळांच्या उद्घाटनाला गावातली जुनी मातब्बर घराणी, सरपंच आणि पक्षांचे पुढारी पुढच्या रांगेत बसतात. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारी माणसेही तेथे शेजारी बसलेली असतात. सोंगाड्या राजाच्या दरबारात शिरतो आणि बोलता बोलता धानाच्या चुकाऱ्यांवर किंवा उखडलेल्या रस्त्यावर घसरतो. टोमणा कोणाला लागला ते सर्वांना कळते. पण खेळातला राजा हसलेला असतो, म्हणून पुढच्या रांगेलाही हसावेच लागते. रागावून उठणे म्हणजे टोमणा आपल्यालाच होता, ही कबुली देणे.

तमाशाच्या वगात राजा आणि प्रधान ही पात्रे ठरलेली असतात, ती याच सोयीसाठी. राज्ये गेली तरी वगातला राजा गेला नाही, कारण त्याच्या मुकुटाखाली मंत्री बसवणे सोपे होते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये राजा भोळसट आहे, प्रधान लबाड आहे, कोतवालाची जागा वशिल्याने भरली जाते आणि डावललेला हवालदार मैनावतीच्या मदतीने नव्या कोतवालाचा काटा काढतो. १९६५ साली रंगभूमीवर आलेल्या या लोकनाट्यात दादा कोंडके हवालदाराच्या भूमिकेत रोजच्या बातम्यांवरून नवे टोमणे घालत. राजाच्या नावाने घेतलेली ही फिरकी मंत्र्यांनाही समोर बसून ऐकता येत असे.

या सगळ्या उदाहरणांतून चेष्टेचे काही कायदे दिसतात. चेष्टा करणाऱ्याला त्या भांडणातून काही मिळवायचे नसावे. गौतमाला मोदक हवे असतात, राज्य नको असते. त्याने सुरुवात स्वतःपासून करावी, जशी महादजींनी केली. ज्याची चेष्टा होते तो समोर असावा आणि त्याला उत्तर द्यायची संधी असावी. झडतीला झडती मिळते, म्हणून पोळ्यावर कोणी कायमचे दुखावत नाही. बोट कृत्यावर ठेवावे, जन्मावर किंवा व्यंगावर नव्हे. जागा आणि वेळ ठरलेली असावी. मंडईच्या रात्री चाललेला टोमणा ग्रामसभेच्या टेबलावर चालत नाही. यातला एक कायदा मोडला तरी गमतीची टवाळी होते आणि टवाळीचा खर्डा व्हायला वेळ लागत नाही.

चेष्टेची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. तिने थकबाकी फिटत नाही, सीमा ठरत नाही की धानाला भाव मिळत नाही. ते काम अमात्याचे, वकिलाचे, मंत्र्याचेच राहते. हशा फार तर ताठरलेल्या माना थोड्या सैल करतो आणि अडलेले बोलणे पुन्हा सुरू करून देतो. ते पुढे न्यायला दोन्ही बाजूंना काही द्यावे-घ्यावे लागते. पुढारी झडती ऐकून मनापासून हसला आणि चुकारे तसेच अडकून राहिले, तर पुढच्या पोळ्याला झडती अधिक बोचरी होते.