वायुनौका
हवेपेक्षा हलका वायू भरलेल्या, इंजिनाने चालणाऱ्या व सुकाणूने वळवता येणाऱ्या आकाशयानाला वायुनौका किंवा एअरशिप म्हणतात. तिने बाजूला सारलेल्या हवेचे वजन तिच्या एकूण वजनाइतके झाले, की ती हवेत तरंगते. १८५२ मध्ये आंरी जिफार या फ्रेंच अभियंत्याने वाफेच्या इंजिनावर असे पहिले उड्डाण केले. जर्मनीत काउंट झेपेलिन यांची ताठ सांगाड्याची पहिली नौका १९०० मध्ये कॉन्स्टन्स सरोवरावरून उडाली. त्या काळी वापरला जाणारा हायड्रोजन सर्वांत हलका, पण ज्वालाग्राही होता. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे उतरताना २४५ मीटर लांबीची ‘हिंडेनबुर्ग’ ही वायुनौका पेटली आणि ३६ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेने मोठ्या वायुनौकांचे प्रवासी युग संपले. आजच्या वायुनौकांत न पेटणारा हेलियम भरतात.