सुट्टीत मुलांचे वाचन सुटू नये म्हणून

२०२१ च्या पावसाळ्यात इमामवाड्यातल्या एका घरी मी आजीबाईंचा बीपी तपासायला जात असे. त्यांना डॉक्टरांनी साखरेची गोळी सकाळी आणि बीपीची गोळी संध्याकाळी दिली होती. आजींना अक्षरओळख नाही, सून दिवसभर कामावर. म्हणून मी कागदाच्या दोन पुड्या केल्या, एकीवर ‘सकाळी’ आणि दुसरीवर ‘संध्याकाळी’ असे मोठ्या अक्षरात लिहिले. नातू तिसरीत होता. तो वाचून गोळी देईल असे ठरले.

चार दिवसांनी शेजारीण धावत बोलवायला आली. आजीला दरदरून घाम फुटला होता, हातपाय थरथरत होते, जीभ अडखळत होती. शुद्धीवर होत्या, गिळता येत होते, म्हणून लगेच साखरेचे पाणी पाजले, थोड्या वेळाने पोळी खाऊ घातली आणि मग दवाखान्यात नेले. साखरेची गोळी सकाळी गेली होती आणि संध्याकाळी पुन्हा, तीही उपाशीपोटी. नातवाला जवळ घेऊन विचारले. तो रडत म्हणाला, “मले स दिसला.”

दोन्ही शब्द ‘स’नेच सुरू होतात. पोरगा पहिले अक्षर बघून पुढचे अंदाजाने म्हणत होता. चूक माझीही होती. एका पुडीवर सूर्य आणि दुसरीवर चांदोबा काढायला मला काय झाले होते? तेव्हापासून तेच करते.

पण त्या मुलाचा तरी काय दोष? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो पहिलीत होता. घरात एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा. पोरगा न शिकताच दुसरीत गेला, तिसरीत गेला. शहरातल्या पहिली ते सातवीच्या वर्गांना राज्य सरकारची परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून, आणि जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२१ च्या सुरुवातीला पाच राज्यांतल्या दुसरी ते सहावीच्या सोळा हजारांवर मुलांची पाहणी केली. आधीच्या वर्षी जे येत होते त्यातले भाषेचे किमान एक कौशल्य ९२ टक्के मुले विसरली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंधरा राज्यांतल्या गरीब वस्त्यांची आणखी एक पाहणी झाली, त्यात महाराष्ट्रही होता. खेड्यांतल्या दलित-आदिवासी मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी मुले फक्त ४ टक्के निघाली. बाकीच्यांची १५ टक्के. शाळेला कुलूप लागले की कोणाचे पोर आधी मागे पडते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, कोरोना गेला, आता ही गोष्ट कायले? कारण आपल्या नागपुरात शाळा दरवर्षी बंद होते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून राज्यात इतर ठिकाणी शाळा जूनच्या मध्याला उघडल्या तरी विदर्भात आणखी आठवडा-दोन आठवडे थांबावे लागते. नुकतेच जोडाक्षर वाचायला लागलेले पोर एवढे दिवस पुस्तकाला शिवले नाही तर जूनअखेर अडखळतेच.

वस्तीत हे बोलले की बाया एकच उत्तर देतात, “सिस्टर, मले स्वतःले वाचता येत नाही, मी त्याले काय शिकवू?”

तुम्ही शिकवू नका, फक्त ऐका. रोज वीस मिनिटे पोराला शेजारी बसवा आणि मोठ्याने वाचायला लावा. भाजी निवडता निवडता ऐकले तरी चालते, पण डोळा त्याच्या बोटावर ठेवा. वाचताना प्रत्येक शब्दाखाली बोट सरकले पाहिजे. तोंड पुढे धावते आणि बोट तिथेच राहते, तर समजा की धडा पाठ आहे, वाचता येत नाही. तेव्हा मधल्याच एका शब्दावर तुम्ही बोट ठेवा आणि विचारा, हा कोणता? थोड्या वेळाने तोच शब्द दुसऱ्या ओळीत दिसला की पुन्हा विचारा. दोन्ही वेळा उत्तर एकच आले पाहिजे. शेवटी पुस्तक मिटून म्हणा, आता मला गोष्ट सांग. ज्याला समजले तो आपल्या शब्दांत सांगतो. एवढी तपासणी अक्षर न येणारी आईसुद्धा करू शकते, मी ती करताना पाहिली आहे. चुकला तर मारू नका. मार खाल्लेले पोर दुसऱ्या दिवशी पुस्तक लपवते.

मागच्या इयत्तेची पुस्तके रद्दीत घालू नका. नसतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, मोबाइलवाल्या कोणाकडून उतरवून घ्या. तेही जमले नाही तर महावितरणचे बिल आहे, किराण्याची पुडी आहे, औषधाचा खोका आहे. खोक्यावरची मुदत संपल्याची तारीख पोराला शोधायला लावा. घरातली जुनी औषधेही त्या निमित्ताने बाहेर निघतील. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची ती आठवते? पहिली ते आठवीच्या मुलांसाठी होती आणि तिचे सगळे उपक्रम घरातल्या, अंगणातल्या वस्तूंवरच होते.

गणितासाठी तर उन्हाळ्यासारखा मास्तर नाही. घरोघरी पापड, कुरडया, शेवया चालू असतात. पापड मोजायचे काम पोराला द्या, पण दहा-दहाची चळत लावून. आपल्या मराठी आकड्यांची एक खोड आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो, म्हणून पोर ३६ लिहून मोकळे होते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असेही वाचायला सांगितले तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला त्यात वावगे काही वाटले नाही. सहा चळती आणि तीन सुटे पापड समोर दिसले की पोराला दोन्ही नावे कळतात. संध्याकाळी अष्टाचंगा मांडा. चिंचोके टाकून घरे मोजताना बेरीज आपोआप होते, आणि आजीही खेळायला बसते.

जुलाब लागल्यावर द्यायचे पाणीही मुलांकडून मोजून घ्या. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ मात्र तुमच्या डोळ्यांदेखत पडू द्या, जास्त झाले तर लहान लेकराला घातक आहे. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर ते फेकून द्या. ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच वापरा आणि तिच्यावर किती पाण्यात घालायची ते पोराला वाचायला लावा.

हे सगळे सकाळी नऊच्या आत नाही तर ऊन उतरल्यावर. टिनाखालच्या खोलीत दुपारी दोन वाजता कोणाचे डोके चालते? विहार वस्तीतच आहे, तिथला हॉल थंड असतो. दहावी-बारावीची दोन मुले तासभर बसली तर पंधरा लहानग्यांचे वाचन होते. आणि दुपारी पोरे घरात एकटी असतील तर कूलरची ताकीद देऊन जा. चालू कूलरला, त्याच्या टाकीतल्या पाण्याला हात लावायचा नाही. पाणी मोठ्या माणसानेच भरायचे, प्लग काढून.

एक मोठ्या मुलींबद्दल. सुट्टी लागली की लहान भाऊ कडेवर आणि पाण्याचे गुंड तिच्या माथी. चौथीतली मुलगी आई कामावरून येईपर्यंत घर सांभाळते, आणि तिच्या वाचनाचे कोणी विचारत नाही. तिची वीस मिनिटे आधी धरा, भावाची नंतर.

महिनाभर असे ऐकूनही पोर अडखळतच असेल, पुस्तक नाकाशी धरत असेल, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत असेल, तर त्याला ढ म्हणण्याआधी डोळे तपासा. मेडिकल आणि मेयो, दोन्हीकडे डोळ्यांची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, रांग मोठी असते. शाळा सुरू झाली की त्याला सुट्टी पडते आणि तुमचीही मजुरी बुडते, म्हणून मे महिन्यातच उरकून घ्या.